‘ख्रिस्ती राशिभविष्य’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक वाचक’ यांस, प्रभूमध्ये सलाम.

रोजच्या बायबलवाचनावर आणि अडलेल्या पेन्शनवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रविवारी उपासनेहून आल्या आल्या वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण मुलीने फोन काढून घेतला आणि आधी जेव म्हणाली. तिचं बरोबरच होतं. उपाशीपोटी लिहिलं असतं तर तुम्हाला आणखी लागलं असतं.

इतरांनी वाचली नसेल म्हणून ती प्रतिक्रिया इथे उतरवते : “ताई, लेख भावनिक आहे. पण रोज पहाटे एक वचन उचलून आपल्या आयुष्याला चिकटवणं याला मनन म्हणत नाहीत, ख्रिस्ती राशिभविष्य म्हणतात. यिर्मया २९:११ बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलं होतं, तुमच्या पेन्शनच्या फायलीला नव्हे. शिवाय या भक्तीत शेजाऱ्याची भूक कुठे आहे? आणि ते जुनं भाषांतर आता तरी सोडा. अभ्यास वाढवा.”

‘भावनिक’ हा शब्द बाईने लिहिलेल्या लेखालाच कसा बरोबर येऊन बसतो, हे मी बरीच वर्षं पाहत आलेय. आमच्या मंडळीत पाळकसाहेब उपदेश करताना डोळे पुसतात तेव्हा तो ‘आत्म्याने भरलेला संदेश’ असतो. मी पेन्शनबद्दल चार ओळी लिहिल्या तर त्या भावनिक. बरं, ते सोडा. ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि ‘अभ्यास वाढवा’वर संपवायचं, ही कुठली रीत? दहावीच्या पोराच्या प्रगतिपुस्तकावर लिहितात तसा शेरा तुम्ही मारलात, आणि तोही नाव न लिहिता. माझं नाव, गाव, फोटो सगळं वर आहे. ज्याला सत्य बोलायचंय त्याने तेवढी हिंमत तरी करावी.

एक गोष्ट मात्र मान्य करते, नाहीतर म्हणाल बाई ऐकूनच घेत नाहीत. वचनांचा तसा वापर आपल्याकडे होतो. वर्षअखेरीच्या वॉचनाइटला, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला, वचनं छापलेल्या प्रॉमिस कार्डांची टोपली फिरते तेव्हा बघा. माझ्या शेजारच्या बाकावरच्या एका बाईंना ईयोबातलं, म्हणजे दुःखाच्या पुस्तकातलं, काहीतरी निघालं. त्यांनी ते मुडपून परत टोपलीत टाकलं, हात जरा खोल घातला आणि दुसरं काढलं. त्यावर ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ होतं. मग समाधानाने पर्स बंद केली. गुलाबाच्या फुलांवर छापून सकाळी सहाला येणारी व्हॉट्सअ‍ॅपची वचनं मलाही नकोशी होतात. त्यांना राशिभविष्य म्हणालात तर मी भांडणार नाही.

पण तुम्ही ते माझ्या वाचनाला म्हणालात. मी लेखात स्पष्ट लिहिलं होतं की मी वचन ‘उचलत’ नाही, पुस्तक ओळीने वाचते. आज जिथे थांबले तिथून उद्या पुढे. ही सवय माझ्या वडिलांची. आमच्या घरी संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेत प्रत्येकाने एकेक ओवी, म्हणजे वचन, वाचायची, पाळीपाळीने, आणि काहीही गाळायचं नाही. बायबलातल्या १ इतिहास या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे नुसत्या वंशावळी. ‘अर्पक्षद’ आणि ‘मथुशलह’ म्हणताना धाकटा भाऊ दरवेळी हसायचा, त्याला हसताना बघून मी हसायचे आणि चुलीवरचं कालवण आटत असायचं. आई मधूनच म्हणायची, “अहो, आज स्तोत्र घ्या ना एखादं.” वडील मान हलवायचे आणि पुढचं नाव वाचायचे. ज्या घरात नऊ अध्याय नावं ऐकून मग जेवायला मिळायचं, त्या घरातल्या मुलीला तुम्ही सांगताय की ती आवडीचं वचन निवडते!

आता यिर्मया. तुम्ही संदर्भ सांगितलात त्याबद्दल आभार, पण तो माझ्या लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात होता. तिथपर्यंत आला नसाल. २९वा अध्याय हे यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेतून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, बंदी करून नेलेल्या यहुद्यांना पाठवलेलं पत्र आहे. त्यात आधी काय सांगितलंय? घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मग दहाव्या ओवीत ७० वर्षं सांगितली आहेत, आणि त्यानंतर ती अकरावी, ‘तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत’ असं सांगणारी, जी सगळ्यांच्या भिंतीवर असते. त्याआधीच्या, २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं सांगत होता. लोकांना अर्थातच तो आवडत होता. यिर्मयाचं पत्र म्हणजे त्या दोन वर्षांना दिलेलं उत्तर आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण बाबेलातच मरणार होते.

माझी फाईल अडली होती तेव्हा ऑफिसात दर खेपेला ‘पुढच्या महिन्यात होईल’ असं ऐकत होते. घरी येऊन हा अध्याय ओळीने समोर आला. मला त्यात पेन्शनची तारीख दिसली नाही. जे हातात आहे त्यात घर बांधून राहा, एवढंच दिसलं. म्हणून गच्चीवर कुंड्या आणल्या, शेजारच्या दोन मुलींना इंग्रजी शिकवायला लागले, आणि त्या ऑफिसातल्या क्लार्कसाठी प्रार्थना करायला लागले, जी सुरुवातीला दात खाऊनच निघायची. हे चिकटवणं आहे? असेल. पण मग ज्याला तुम्ही संदर्भ म्हणता तो वाचून पुढे करायचं काय, ते तुम्ही सांगितलं नाहीत. बंदिवानांना लिहिलेलं पत्र बंदिवानांसाठीच होतं, तर मंडळीने ते आजवर जपून ठेवलं कशाला? पौलाने करिंथकरांस लिहिलेली पत्रं करिंथकरांनाच परत पाठवून देऊ का?

तुमचा आक्षेप नवा नाही, आणि तुमच्यापेक्षा मोठ्या माणसांनी तो घेतलाय. १९३५ ते १९३७ या काळात जर्मनीत फिंकेनवाल्डे इथे डीट्रिख बॉनहोफर, हिटलरला विरोध करणारे धर्मशास्त्रज्ञ, तरुण पाळकांना शिकवत होते. रोज सकाळी अर्धा तास एकाच शास्त्रभागावर शांत बसायचं, आणि आठवडाभर तोच भाग. उपदेश तयार करण्यासाठी नाही, टीकाग्रंथ, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारी पुस्तकं, उघडून नाही, फक्त तो आपल्याला काय म्हणतो ते ऐकायला. विद्यार्थी कुरकुरले. कार्ल बार्थ या मोठ्या धर्मशास्त्रज्ञांनाही त्यात मठाचा वास आला, तसं त्यांनी कळवलंही. बॉनहोफरनी पद्धत सोडली नाही.

हेच बॉनहोफर जून १९३९ मध्ये मित्रांच्या आग्रहावरून न्यूयॉर्कला गेले. तिथे सुरक्षित होते, काम मिळणार होतं. पण त्यांना चैन पडेना. २६ जूनला त्यांच्या वाचनात २ तीमथ्य, म्हणजे पौलाने तीमथ्य या आपल्या सोबत्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा, चौथा अध्याय आला. पौल तुरुंगातून लिहितो की हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर. आता संदर्भाचं म्हणाल तर तो निरोप तीमथ्याला होता, ऋतू पहिल्या शतकातला होता आणि त्याच अध्यायात झग्याची आणि पुस्तकांची आठवण आहे. बॉनहोफरना हे कळत नव्हतं असं तुम्हाला वाटतं का? बर्लिनला धर्मशास्त्र शिकवलेला माणूस तो. त्यांनी डायरीत लिहिलं की ते वाक्य दिवसभर पाठ सोडत नाही, आणि ते मी मला उद्देशून घेतलं तर तो शास्त्राचा गैरवापर नव्हे. जुलैत ते जर्मनीला परतले. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छावणीत त्यांना फाशी दिलं. राशिभविष्य वाचणारा माणूस सहसा उलट्या दिशेची बोट धरतो.

आणि चिठ्ठीचंच म्हणाल तर जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरावियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांकडे १७२८ पासून रोजच्या वचनाची परंपरा आहे, १७३१ पासून ती पुस्तकरूपाने छापली जाते, आणि जुन्या करारातली वचनं आजही चिठ्ठ्या टाकूनच निवडतात. चिठ्ठीने निवडलेल्या वचनाचा फायदा एवढाच की ते तुमच्या मर्जीचं नसतं. आमच्या वॉचनाइटच्या बाईंनी नेमकं तेच होऊ दिलं नाही.

तुम्ही म्हणाल, ते बॉनहोफर, तुम्ही कोण? खरं आहे. मी सरकारी दवाखान्यात केस पांढरे केलेली नर्स. तर माझीच गोष्ट सांगते. मेडिकल वॉर्डला नाइट ड्यूटी होती. तेव्हा लूकचं शुभवर्तमान चालू होतं आणि अकरावा अध्याय आला होता, मध्यरात्री तीन भाकरी मागायला आलेल्या मित्राचा. आतला म्हणतो, त्रास देऊ नको, दार लावलंय, मुलं निजलीत. दोनच्या सुमाराला टेबलाच्या कडेला वाचत होते. कोपऱ्यातल्या कॉटवरच्या बाईचा नवरा, पाथर्डीकडचा शेतकरी, मघापासून हेलपाटे घालत होता. “सिस्टर, सलाईन संपत आलंय.” संपत आलं नव्हतं. मी तिथूनच बाटली बघत होते आणि तिथूनच सांगत होते, “अजून आहे, झोपा.” पुन्हा आला. तोंडाशी आलेलं वाक्य अगदी त्या आतल्या माणसाचं होतं.

तो दृष्टांत प्रार्थनेविषयी आहे, मला शिकवू नका. नर्सने कसं वागावं याविषयी तो नाही. पण त्या वेळी दार लावून बसलेली मीच होते, हे मला त्या पानावरून कळलं. उठले. बाटली बघितली, रोलर उगाच जरा फिरवून परत होता तसा केला, आणि स्टूल ओढून बसले. त्याला सलाईनबद्दल विचारायचंच नव्हतं. बायको वाचेल का, हे विचारायचं होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं. मी म्हटलं, सकाळी डॉक्टरांना विचारू, मी थांबते तोवर. मग तो कॉटखाली चादर टाकून झोपला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. सकाळी माझी ड्यूटी संपली आणि दुसऱ्या दिवशी माझा वॉर्ड बदलला. पण याला तुम्ही चिकटवणं म्हणत असाल तर चिकटवलं मी, आणि पुन्हा चिकटवीन.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंही आठवून बघा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. सोबत टीकाग्रंथ नव्हता. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन आलं आणि पुस्तक खाली ठेववेना. १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला. ते संस्कृतचे पंडित होते, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते. पण त्या डब्यात ते पंडित म्हणून वाचत होते असं मला वाटत नाही.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. शेजाऱ्याची भूक : मी कोणाला काय देते याची यादी इथे लावणार नाही. का, ते मत्तय ६ मध्ये डाव्या-उजव्या हाताच्या ओवीत आहे, संदर्भासकट वाचा. मनन करणारी माणसं सेवा करत नाहीत हे तुम्ही कुठून काढलंत देव जाणे. पंडिता रमाबाई केडगावला दुष्काळातल्या मुलींना सांभाळत होत्या आणि त्याच काळात हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत करत होत्या. त्यांना तुमचा प्रश्न पडला नसावा, वेळही नसावा.

जुनं भाषांतर : माझं पाठांतर त्यातलं आहे. झोपेतून उठवलंत तरी २३वं स्तोत्र त्याच शब्दांत निघेल. फादर दिब्रिटोंचं भाषांतरही कपाटात आहे, ते अडल्यावर बघते. तुम्ही कुठलं वाचायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी तुमच्या घरी येऊन पुस्तकं मोजत नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर तो चालू आहे. सध्या आमोस संदेष्ट्याचं पुस्तक घेतलंय, काल दुसरा अध्याय संपला. पाचव्या अध्यायात देव म्हणतो की तुमचे सण आणि तुमच्या गाण्यांचा गोंगाट मला नको, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. तिथे तुमच्या बाजूचं बरंच सापडेल आणि माझी पंचाईत होईल, हे मला आत्ताच दिसतंय. गाळणार नाही. दोन-चार दिवसांत तो येईल तेव्हा त्यावर लिहीन. प्रतिक्रिया अवश्य द्या, पण या खेपेला तिसऱ्या परिच्छेदाच्या पुढे जाऊन.