पोराच्या चिडण्याचं खापर वहिनींवर नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

गरोदरपणी आईला सतत ताण असेल तर त्याचा परिणाम पोटातल्या लेकरावर होऊ शकतो, हे सांगणारा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमच्या आईनं नवव्या महिन्यापर्यंत निंदण केलं, तरी पाचही भावंडं धडधाकट निघाली, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय असलं वाचून तुमचा धाकटा भाऊ तीन वर्षांच्या पोराच्या हट्टाबद्दल वहिनींनाच बोलतो, "पोटुशी असताना तूच टेन्शन घेतलं." हे दुसरं वाचून फार वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

निंदणाचं आधी. वावरातले कष्ट वेगळे आणि जीव टांगणीला लागणं वेगळं. (नवव्या महिन्यात वाकून निंदण नकोच, पण तो निराळा विषय.) आमच्या यवतमाळकडं हप्त्याच्या दिवशी फायनान्सवाला दारात गाडी लावून ओट्यावर बसतो, पैसे हातात पडेपर्यंत उठत नाही. नवरा सकाळीच वावरात निघून गेलेला. आत सात महिन्यांची गरवार बाई कणीक मळता मळता थांबते, बाहेर सासरा काय सांगतोय ते कान देऊन ऐकते, पुन्हा मळू लागते. पुढच्या हप्त्याला पुन्हा तेच. हे टेन्शन तिनं हौसेनं घेतलंय का?

कॅनडातल्या क्युबेकमध्ये जानेवारी १९९८ मध्ये बर्फाचं मोठं वादळ झालं. लाखो लोकांची वीज गेली, काही घरांत महिनाभर आली नाही. संशोधक सुझान किंग यांच्या चमूनं त्या वेळी गरोदर असलेल्या बायकांची मुलं पुढं कित्येक वर्षं तपासली. ज्यांनी जास्त हाल काढले, त्यांची मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा बोलण्यात आणि समजेत सरासरीनं मागं होती. वादळ काही त्या बायकांनी आणलं नव्हतं.

सरासरीवरून एका लेकराचं भविष्य सांगता येत नाही, हेही तितकंच खरं. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल भागातल्या हजारो मायलेकरांच्या अभ्यासात, गरोदरपणी फार चिंतेत असलेल्या आयांच्या मुलांमध्ये वागणुकीच्या तक्रारींचा धोका साधारण दुप्पट दिसला. तरी त्यांतली बहुतेक मुलं ठीकच होती. तुमच्या पुतण्याचा हट्ट पोटातल्या ताणामुळंच आहे, असं डॉक्टरही छातीठोक सांगणार नाही. मग धाकट्यानं कशाच्या जोरावर सांगावं?

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांतला प्रयोग. २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. आपल्या आशाताईंसारख्या गावच्याच आरोग्यसेविका मनानं खचलेल्या गरोदर बायकांच्या घरी जात, त्यांचं ऐकून घेत, घरच्यांनाही सामील करत. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या बायकांपैकी २३ टक्के नैराश्यात उरल्या होत्या. ज्यांना नुसत्या नेहमीच्या भेटी मिळाल्या, त्यांच्यात ५३ टक्के. आणि बाळाशी खेळणं वाढलं ते आईचं आणि बापाचंही.

म्हणून धाकट्याला एवढं सांगा, की वावरातून आल्यावर पोराला तासभर स्वतःजवळ घ्यायचं आणि तेवढा वेळ वहिनींना मोकळं सोडायचं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीचं पथक येतं. तेव्हा पोराचं ऐकणं-बोलणं आवर्जून दाखवा, कारण नीट ऐकू न येणारं लेकरूही चिडकं होतं. वहिनींना झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर मनाच्या आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फोन फुकट लागतो, रात्रीही.