चिंचिलाची हनुवटी ओली दिसली की एक्स-रे काढा

चिंचिला (उंदरासारखा कुरतडणारा, मऊ दाट केसांचा पाळीव प्राणी) पाळण्यावरच्या एका लेखात म्हटलंय, त्याला कुरतडायला लाकूड दिलं की दातांची काळजी मिटली. नाही हो. लाकडाने पुढचे दात झिजतात. दाढा झिजतात त्या सुकं गवत तासन्‌तास चघळून, आणि त्याचे वीसही दात जन्मभर वाढतच असतात.

आमचा चिकू गवत टाकून खाद्याच्या तयार गोळ्या आणि मनुकेच खायचा, लाड आमचेच. एप्रिलमध्ये त्याच्या हनुवटीखालची लव लाळेने ओली, चिकट दिसली, डाव्या डोळ्यातून पाणी. वाटलं, पुण्याचा उन्हाळा बाधला. पुढचे दात छान नारिंगी (निरोगी चिंचिलाचे तसेच असतात), त्यामुळे पहिल्या डॉक्टरांनाही शंका आली नाही. भूल देऊन एक्स-रे काढला तेव्हा कळलं, वरच्या दाढांची मुळं डोळ्याकडे वाढली होती. ती मागे फिरत नाहीत. आता दाढांची टोकं घासून घेतो, दुखण्याचं औषध देतो, खाणं सुटलं की सिरिंजने पातळ करून भरवतो.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करतो. पन्नास ग्रॅम उतरले तरी जिवाचं पाणी होतं, कारण अख्खा जीवच पाचशे ग्रॅमचा. ज्यांच्याकडे चिंचिला आहे त्यांनी आजच वजन लिहून ठेवा.