हात वर करणाऱ्या आजी

आपल्याकडे वारीची लगबग सुरू होते त्याच दिवसांत आमच्या शेजारच्या आजी बॅग भरायला घेतात. आम्ही टेक्सासमध्ये राहतो. आजी म्हणजे ७४ वर्षांच्या निवृत्त शाळामास्तरीणबाई. 'आजी' म्हणजे काय ते एकदा समजावून सांगितलं, तेव्हापासून त्या या हाकेला ओ देतात आणि मला 'हनी' म्हणतात. आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी पीच घातलेला गरम कॉबलर घेऊन दारात उभ्या होत्या. माझ्या मुलीला पोहण्याच्या क्लासला त्याच सोडतात, कारण मंगळवारी माझी मीटिंग असते. आणि त्या पक्क्या, मुरलेल्या सदर्न बॅप्टिस्ट आहेत.

सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा अमेरिकेतला सगळ्यात मोठा प्रोटेस्टंट पंथ. २०२४ मध्ये सव्वा कोटीच्या वर सभासद, तेही २००६ च्या १ कोटी ६३ लाखांवरून घसरत आलेले. दर जूनमध्ये त्यांचं दोन दिवसांचं अधिवेशन भरतं. २०२३ ला न्यू ऑर्लिन्स, २०२४ ला इंडियानापोलिस आणि २०२५ ला १० आणि ११ जूनला डॅलस, म्हणजे आमच्यापासून पाऊण तासावर. तिन्ही वर्षं आजी त्यांच्या चर्चतर्फे गेल्या. आल्या की मला सगळं सांगतात, आणि मी खोदून खोदून विचारते, कारण मला सभा-संमेलनांचा शौक आहे. आमच्या घरी साहित्य संमेलनाचा वृत्तान्त पेपरात शेवटच्या ठरावापर्यंत वाचला जायचा.

गंमत म्हणजे हे अगदी तसंच प्रकरण आहे. ठराव मांडायचे, अनुमोदन, हरकत, दुरुस्ती, मग हात वर. आजींनी मतपत्रिकांचं ते छोटं पुस्तक मला दाखवलं. नंबर टाकलेली पानं असतात, मंचावरून सांगतील त्या नंबरचं पान फाडून द्यायचं. साध्या ठरावाला नुसतं कार्ड वर करायचं. सभागृहात जागोजागी नंबर लावलेले माइक असतात आणि कुठल्याही खेड्यातल्या चर्चचा माणूस उठून थेट अध्यक्षांना जाब विचारू शकतो. हे मला मनापासून आवडतं. पोप नाही, बिशप नाही. प्रत्येक चर्च स्वतःचं मुखत्यार. म्हणून जाणाऱ्यांना प्रतिनिधी म्हणतच नाहीत, 'मेसेंजर' म्हणतात. एका चर्चचे फार तर १२. चर्चने त्यांना अमुकच मत द्या असं बजावायचं नाही, आणि अधिवेशनानेही चर्चला अमुकच करा असं सांगायचं नाही.

म्हणजे ठराव कोणावरच बंधनकारक नाहीत. सीमाभागाचा ठराव आपण वर्षानुवर्षं टाळ्यांच्या गजरात मंजूर करत आलो, तसंच. फरक एवढाच, की आपला ठराव दिल्लीत कोणी वाचत नाही आणि यांचा वॉशिंग्टनमध्ये वाचतात.

डॅलसच्या ठरावांत सगळ्यात गाजला तो लग्नाचा. समलिंगी विवाहाला देशभर मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल उलटवावा, अशी मागणी भरघोस मतांनी मंजूर झाली. पोर्नोग्राफीवर बंदी हवी, गर्भपाताच्या गोळ्या नकोत, जाणूनबुजून मूल न होऊ देणं बरं नाही, असंही बरंच काही. खेळांवरच्या सट्ट्याविरुद्धही ठराव झाला. त्याला मी आजींच्या स्वयंपाकघरात उभी राहून टाळ्या वाजवल्या. रमीच्या जाहिराती करणारे आपले क्रिकेटपटू आठवले की मीही घटकाभर बॅप्टिस्ट होते.

पण मुद्दा लग्नाचा किंवा सट्ट्याचा नाही. माझी तक्रार त्यांच्या मतांबद्दल नाहीच म्हटलं तरी चालेल. पुराणमतवादी धर्मसंस्थेने पुराणमतवादी ठराव करावेत यात नवल ते काय? तक्रार आहे 'स्वायत्तता' या एका शब्दाबद्दल. हा शब्द तिथे केव्हा बाहेर काढतात आणि केव्हा कपाटात ठेवतात, याबद्दल.

या पंथाचा जन्मच १८४५ मधला, जॉर्जियातल्या ऑगस्टा गावचा. भांडण कशावरून? गुलाम बाळगणाऱ्या माणसाला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही, यावरून. उत्तरेकडचे नाही म्हणाले, दक्षिणेकडचे वेगळे झाले. त्याबद्दल माफी मागणारा ठराव झाला १९९५ मध्ये, म्हणजे बरोब्बर दीडशे वर्षांनी. अध्यक्ष जे हातोडे आपटायचे, त्यातला एक १८७२ पासून चालत आलेला आणि ज्यांच्या नावाने ओळखला जायचा ते ब्रॉडस स्वतः गुलामांचे मालक. तो आता वापरू नये असं त्यांच्याच एका अध्यक्षांनी २०२० मध्ये म्हटलं. हे मी आजींना विचारलं तर म्हणाल्या, "हातोडा मला कधी दिसलाच नाही, आम्ही फार मागे बसतो."

आणि ज्या प्रश्नावर हे लोक आज सगळ्यात ठाम, त्या गर्भपातावर १९७१ च्या अधिवेशनाने काय ठरवलं होतं माहीत आहे? बलात्कार, निकटच्या नात्यातले संबंध, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक किंवा मानसिक प्रकृतीला धोका, अशा कारणांसाठी गर्भपाताला मुभा देणारा कायदा व्हावा म्हणून झटा. खुद्द यांचा ठराव! १९७९ मध्ये ह्यूस्टनला कट्टर गटाने अध्यक्षपद जिंकलं, मग एकामागून एक जिंकतच गेले, आणि १९८० पासून सूर पालटला. आजी तेव्हा तिशीच्या आसपास होत्या. त्यांना १९७१ चा ठराव ठाऊकच नव्हता. मी फोनवर दाखवला तर चष्मा लावून दोनदा वाचला आणि काही न बोलता फोन परत दिला.

बायकांबद्दल तर काय सांगावं. १९८४ च्या ठरावात बायकांना दीक्षित पाळक, म्हणजे पाद्री, न करण्याचं कारण दिलंय, की पुरुष आधी निर्माण झाला आणि बायबलातल्या एदेन बागेत आधी पतन झालं ते बाईचं. १९९८ मध्ये श्रद्धेच्या अधिकृत जाहीरनाम्यात घातलं, की बायकोने नवऱ्याच्या नेतृत्वापुढे आनंदाने नमावं. २००० मध्ये त्यात भर पडली, पाळकाचं पद पुरुषांसाठीच. त्याच वर्षी जिमी कार्टर यांनी जाहीरपणे या पंथाशी फारकत घेतली. देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष, जन्मभर रविवारची बायबलशाळा घेणारा माणूस.

आता ती दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवते.

पहिलं. चर्चमध्ये लैंगिक अत्याचार करून दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये रुजू होणाऱ्या पाळकांची एक यादी ठेवा, अशी मागणी पीडित बायका कितीतरी वर्षं करत होत्या. २००८ मध्ये पंथाच्या कार्यकारी समितीने उत्तर दिलं, की चर्च स्वायत्त आहेत, आम्हाला अशी यादी ठेवता येत नाही. २०१९ मध्ये टेक्सासमधल्या दोन वर्तमानपत्रांनी वीस वर्षांतली सुमारे ३८० आरोपींची आणि ७०० हून जास्त पीडितांची प्रकरणं छापली. २०२१ च्या अधिवेशनात मागे बसणाऱ्या साध्या मेसेंजरांनीच हट्ट धरून बाहेरच्या संस्थेकडून चौकशी करून घ्यायला लावली. मे २०२२ मध्ये अहवाल आला आणि कळलं, की यादी होती! 'ठेवता येत नाही' म्हणणाऱ्या समितीच्याच कचेरीत एक कर्मचारी वर्षानुवर्षं कात्रणं जमवून ती लिहीत होता. ७०३ नावं. त्यातली ४०९ कधी ना कधी याच पंथाशी जोडलेली. यादी करायला स्वायत्तता आड आली नाही, ती दाखवायला आली.

दुसरं. कॅलिफोर्नियातलं सॅडलबॅक, रिक वॉरन यांनी उभारलेलं, पंथातल्या सगळ्यात मोठ्या चर्चपैकी एक. त्यांनी बायकांना पाळक केलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये समितीने त्या चर्चलाच पंथातून काढलं. जूनमध्ये त्यांनी अधिवेशनापुढे अपील केलं. बाजू मांडायला तीन मिनिटं. काढण्याच्या बाजूने ९,४३७, विरुद्ध १,२१२. त्यांच्याबरोबर लुइव्हिलचं एक लहानसं चर्चही गेलं, जिथे एक बाई तीस वर्षं पाळक होत्या आणि तोवर कोणाचं काही अडलं नव्हतं.

झालं! इथे स्वायत्तता कुठे गेली? अत्याचारी पाळकाला पाठीशी घालणाऱ्या काही चर्चनाही मधल्या काळात काढलंय, हे मान्य. पण ती जाहीर यादी, जी तयार करायला २०२२ च्या अधिवेशनाने सांगितलं होतं, तिच्यावर जून २०२५ पर्यंत एकही नाव आलेलं नव्हतं. खर्च, विमा, खटल्यांची भीती, कारणं पुष्कळ. बाईच्या नावापुढे 'पाळक' लागलं तर मात्र तीन मिनिटांत निकाल.

बायकांना पाळक करणाऱ्या चर्चला थेट घटनेतच मनाई करायची एक दुरुस्तीही होती. २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये तिला साठ टक्क्यांच्या वर मतं पडली, पण लागतात दोन तृतीयांश, म्हणून दोन्ही वेळा पडली. आजींनी दोन्ही वेळा विरोधात मत दिलं. "कशाला ती भांडणं," एवढंच म्हणाल्या. नंतर कळलं, की त्यांच्या चर्चमध्ये मुलांचं सगळं बघणारी बाई आहे आणि तिच्या दारावर 'बालविभाग पाळक' अशी पाटी आहे. ती काढायला लागली असती.

बॅप्टिस्टांशी आपलं नातं जुनं आहे, हे जाता जाता सांगते. मराठीच्या अगदी सुरुवातीच्या छापील व्याकरणांपैकी एक १८०५ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम केरी यांनी काढलं. ते इंग्लंडचे बॅप्टिस्ट मिशनरी. आणि १९९९ च्या दिवाळीत याच सदर्न बॅप्टिस्टांच्या मिशनने हिंदूंसाठी प्रार्थना करायची पुस्तिका काढली होती, त्यात आपण सगळे अंधारात चाचपडतोय असं म्हटलं होतं. तेही दिव्यांच्या सणाला. गेल्या दिवाळीत आजींनी माझ्याकडच्या चार करंज्या खाल्ल्या आणि अंगणातल्या पणत्या विझल्या तशा परत लावल्या. या पुस्तिकेचा विषय मी काढला नाही.

मला खरं तर लिहायचं होतं ते २०२४ च्या इंडियानापोलिसबद्दल. फेब्रुवारीत अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भ्रूणांना मुलांचा दर्जा दिला होता. जूनमध्ये अधिवेशनात आयव्हीएफवर, म्हणजे प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून मूल होऊ देण्याच्या उपचारावर, ठराव आला. सरसकट बंदी नव्हे, पण भ्रूण नष्ट होतात, गोठून पडतात, ते थांबवावं, सरकारने आवर घालावा, पडून असलेल्या भ्रूणांना दत्तक घ्यावं, असा. सभागृहात एक बाप माइकवर उभा राहिला, त्याचं मूल आयव्हीएफचं. ठराव तरीही मंजूर झाला.

माझी मुलगी आयव्हीएफची आहे. पुण्यात, तिसऱ्या खेपेला. आजींना ते माहीत आहे. तिच्यासाठी त्यांनी पिवळ्या लोकरीचं पांघरूण विणलंय, ते अजून तिच्या उशाशी असतं. इंडियानापोलिसहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या आमच्याकडे आल्या, खुर्चीच्या कडेला बसल्या.

"हनी, मी हात वर केला होता."

"कळलं."

"केला तेव्हा मला तुझी पोर आठवली."

"मग?"

"मग खाली घेतला नाही."

महिनाभर मी मुलीला मंगळवारी स्वतः सोडलं. मीटिंग बुडवून. आजींनी काही विचारलं नाही. नंतर एका मंगळवारी त्या गाडी काढून दारात उभ्या राहिल्या आणि मुलगी टॉवेल घेऊन धावत गेली. मी काय बोलणार?

आमचे दोन भ्रूण अजून पुण्यात आहेत. दर वर्षी जूनअखेर त्यांच्या साठवणुकीचं बिल ईमेलने येतं. दर वर्षी मी आणि नवरा ठरवतो की आता ठरवू, आणि पैसे भरून मोकळे होतो. यंदाचं बिल गेल्या आठवड्यात आलं. आजी समोर बसून डॅलसचं सांगत होत्या, कोण माइकवर काय बोललं, जेवणाची रांग केवढी होती. माझा चेहरा बघून थांबल्या. मी सांगितलं कशाचं बिल आहे ते. नव्या ठरावाबद्दल बोलतील म्हणून मी मनात उत्तर जुळवायला लागले होते, चांगलं झणझणीत.

त्यांनी विचारलं, किती? मी रुपयांचे डॉलर करून आकडा सांगितला. त्यांनी पर्स उघडली, चेकबुक काढलं आणि विचारलं, नाव कोणाचं घालू.

मी घेतला नाही. त्यांनी तो तसाच कोरा फाडून फ्रिजवर, मुलीच्या चित्राखाली, चुंबकाने लावून ठेवला आहे. सही केलेली आहे. अजून तिथेच आहे.