टाकी जास्त वेळ पुरली म्हणून डायव्हर चांगला?

स्कूबा करणाऱ्यांमध्ये, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणाऱ्यांमध्ये, एक मजकूर सारखा फिरत असतो: चांगला डायव्हर तीन खुणांवरून ओळखावा. तो खोल जातो, त्याची टाकी इतरांपेक्षा जास्त वेळ पुरते आणि त्याच्या वहीत शंभराच्या वर डाइव्ह असतात. तिन्ही गोष्टी आकड्यांत मोजता येतात, एवढाच त्यांचा गुण.

आधी खोली. कमरेला शिसं बांधल्यावर खाली कोणीही जाईल. कसब लागतं ते परतताना ५ मीटरवर ३ मिनिटं हातपाय न मारता थांबायला. ४० मीटरवरून ३० वर आलात तर तरंगण्यासाठी घातलेल्या, हवा भरता येणाऱ्या जॅकेटमधली हवा पावपट फुगते. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना तीच दुप्पट होते. त्यात टाकीतली दोनेक किलो हवा संपलेली, म्हणजे तुम्ही हलके झालेले. नवखा इथेच बुचासारखा वर उडतो.

टाकी पुरवण्याचा मुद्दा मात्र नुसता चुकीचा नाही, घातक आहे. शांत, सावकाश श्वास घेणाऱ्याला हवा कमी लागते, हे खरं. पण लोक याचा अर्थ ‘श्वास थोडा धरून ठेवा’ असा घेतात. श्वास धरला की कार्बन डायऑक्साइड साचतो, डोकं दुखतं, खोलवर हवेतल्या नायट्रोजनमुळे येणारी गुंगी आणखी चढते. आणि छाती भरलेली असताना नकळत दीड मीटर वर सरकलात, तरी फुप्फुस फाटू शकतं. शिवाय धिप्पाड माणसाला हवा जास्त लागणारच. त्याला अडाणी का ठरवायचं? मी तर एवढंच बघतो, की टाकीतल्या हवेचा काटा कितीवर आहे हे विचारल्यावर त्याला न बघता साधारण सांगता येतं का. ३० मीटरवर हवा पृष्ठभागाच्या चौपट वेगाने संपते, हे त्याच्या हिशेबात असतं का.

राहिली डाइव्हची संख्या. शंभर वेळा गाइडच्या पायातल्या फिन्सकडे बघत पोहलेल्याची परीक्षा गाइड दिसेनासा झाल्यावर होते. मास्क पाण्याखाली काढून परत घालणं त्याने शेवटचं कधी केलं? बहुतेक वेळा कोर्समध्येच.

मजकुरात जोडीदाराचा उल्लेखही नाही, याचं मला जास्त नवल वाटतं. बुडालेल्या डायव्हरच्या अंगावर शिशाची वजनं न सोडता तशीच सापडल्याचं अपघातांच्या अहवालांत वारंवार दिसतं. ती कुठून सुटतात हे उडी मारण्याआधी जोडीदाराला दाखवायला अर्धं मिनिट लागतं.