प्रतिक्रिया : उशिरा का होईना, पुस्तक परत द्या

तुमच्या लेखातल्या गृहस्थांनी ग्रंथालयाचं पुस्तक तीस वर्षांनी परत केलं, हे वाचून डोळे भरून आले. गेल्या दिवाळीत सदाशिव पेठेतलं आमचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर बाबांच्या ट्रंकेत ग्रंथालयाचं एक पुस्तक सापडलं. मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर परतीची तारीख मार्च १९८८. बाबा आता नाहीत. ते हिशेबाला चोख होते, त्यामुळे मला ते फार लागलं.

दुसऱ्याच दिवशी मी ते ग्रंथालयात घेऊन गेले. तिथल्या बाईंनी चिठ्ठीवरचा दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयाने पुस्तकाला दिलेला नोंदीचा क्रमांक, बघून जुनं रजिस्टर काढलं. नोंदीपुढे लाल शाईत ‘गहाळ’ लिहिलेलं होतं, ते त्यांनी माझ्यासमोर खोडलं. विलंब शुल्क घेतलं नाही. मी देणगी देऊन पावती घेतली.

पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात १२ जुलै १९६१ला पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतली किती पुस्तकं गेली! अशा गावात छपाई बंद झालेल्या पुस्तकाची एक प्रत माळ्यावर अडकणं म्हणजे कितीतरी वाचकांचं नुकसान. दंडाच्या भीतीनं कुणी थांबलं असेल तर कृपया थांबू नका. आणि हो, चिठ्ठी फाडू नका, नोंद शोधायला ती उपयोगी पडते.