स्कोअर लिहायला बसवलेला पोरगा

सोलापुरात सात रस्त्यावरच्या आमच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो मास्तरांच्या बोलण्यावरून. मास्तर शाळेत पीटी शिकवतात. म्हणाले, "पायानं अधू असलेल्या पोराला खेळाच्या तासाला आपण तीनच कामं देतो. दप्तरं सांभाळ, बाटल्या भरून आण, नाहीतर स्कोअर लिही. आणि वर सांगतो, त्यालाही खेळात घेतलंय म्हणून."

टॉवेलचा कारखाना असलेला आमचा शेठ उसळलाच. "मग काय बे, खो-खोत पळवायचं का त्याला? पडलं-झडलं तर पालक तुझीच गचांडी धरतील. त्यांच्या वेगळ्या स्पर्धा असतात की, ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाच्या सुमाराला."

"वर्षातनं एकदा," मास्तर म्हणाले. "बाकीच्यांना दर आठवड्याला तास असतो."

शेठच्या मनात वाईट काही नव्हतं. पडायची भीती खरीच आहे. आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानावर कुबडी सरकते, व्हीलचेअरचं पुढचं लहान चाक रुततं. पण त्यावर 'तू बसून राहा' हे उत्तर मला अजिबात पटत नाही. मैदान नडत असेल तर खेळ शाळेच्या व्हरांड्यात आणा, शहाबादी फरशीवर.

"आणि नियम बदलले की तो खेळ कसला राहिला?" शेठ म्हणाला. "कच्चा लिंबू करून घ्यायचं, एवढंच ना?"

इथं मास्तर तापले. "कच्चा लिंबू आउट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. मला तेच नकोय. या पोरावर गोल झाला पाहिजे. हरून, चिडून घरी गेला पाहिजे. आणि नियमांचं म्हणशील, तर व्हॉलीबॉलचं नेट पुरुषांना २.४३ मीटर आणि बायकांना २.२४. तेव्हा म्हणतोस का खेळ बाटला म्हणून? बसून खेळायच्या व्हॉलीबॉलला पुरुषांचं नेट १.१५ मीटरवर असतं, मैदान १० बाय ६ मीटर. बॉल मारताना बूड उचललं की फाउल. बसून बघ एकदा. तुझी उंची, तुझी उडी सगळी गेली. जो पोरगा जमिनीवर सरकत मोठा झालाय, तो तुला पाणी पाजेल."

मग त्यांनी गोलबॉलचं सांगितलं, आणि शेठसुद्धा गप्प बसून ऐकायला लागला. दुसऱ्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये युरोपात सुरू झालेला हा खेळ. एका बाजूला तीन खेळाडू, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी. त्यामुळं थोडं दिसणारा आणि अजिबात न दिसणारा एकाच पातळीवर येतात. बॉलमध्ये घुंगरं असतात. आवाजावरून आडवं पडून तो अडवायचा. मैदानाच्या रेषांखाली दोरी असते, म्हणजे हात फिरवला की आपण कुठं आहोत ते कळतं.

मास्तरांनी शाळेच्या हॉलमध्ये हा मांडला तेव्हा घुंगराचा बॉल नव्हता. साधा व्हॉलीबॉल कॅरीबॅगेत घट्ट गुंडाळला, फरशीवर घरंगळला की खरखर वाजतो. रेषांना सुतळी आणि वर चिकटपट्टी. सोलापुरात सुताला काय तोटा! अडचण आली ती बघ्यांची. भिंतीकडेची पोरं ओरडायला लागली, "उजवीकडं! उजवीकडं!" आणि खेळणाऱ्यांना बॉलच ऐकू येईना. गोलबॉलमध्ये प्रेक्षकांनी चूप बसायचं हाही नियमच आहे. तो पाळायला शिकवणं पट्टी बांधायला शिकवण्यापेक्षा अवघड गेलं, असं मास्तर म्हणाले.

शेठनं हुकमी पान काढलं. "जिद्द लागते मास्तर. आपल्या करमाळ्याचा सुयश जाधव बघ. शाळेत असताना विजेच्या धक्क्यानं दोन्ही हात गेले. तरी रिओच्या पॅरालिम्पिकला पोहला, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला."

सुयशचा अभिमान कट्ट्यावर सगळ्यांनाच आहे. पण हे उदाहरण असं वापरलं की मला राग येतो, आणि मी तो बोलून दाखवला. त्याचे वडील स्वतः पोहणारे. त्यांनी पोराला पाण्यात उतरवलं. ज्याच्या बापाला पोहता येत नाही त्याला कोण उतरवणार? शाळाच ना? एकाच्या जिद्दीचं नाव घेऊन बाकीच्यांना व्हरांड्यात बसवून ठेवणं हा त्या जिद्दीचाही अपमान आहे.

"मग प्रत्येकाला टीममध्ये जागा द्यायची?" शेठ.

याला वकीलसाहेबांनी नेमकं उत्तर दिलं. अमेरिकेत २०१३ साली शिक्षण खात्यानं शाळांना याबद्दल पत्र पाठवलं होतं. त्यात स्पर्धेच्या टीममध्ये जागेची हमी नाही. गुणवत्तेवर निवड करा, पण संधी सारखी द्या. ऐकू न येणाऱ्या धावपटूला पिस्तुलाच्या आवाजाबरोबर दिव्याची खूण द्या. एकच हात असलेल्याला पोहण्याची शर्यत संपवताना दोन्ही हात भिंतीला लावायची अट लावू नका, त्यानं इतरांवर अन्याय होत नसेल तर. "आणि आपल्याकडं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे," ते म्हणाले. "कलम १६ मध्ये शिक्षणाबरोबर खेळाची संधीही इतरांच्या बरोबरीनं, असं लिहिलंय. कलम ३० तर सगळं खेळांवरच."

इतका वेळ गप्प असलेले रिक्षावाले चाचा आता बोलले. ते रोज अशा मुलांना शाळेत सोडतात. "खेळवा की. पण पोराला उचलून मैदानावर मी नेतो, नंतर संडासला कुठं नेऊ? पायऱ्या आहेत, दार अरुंद, चेअर आत जात नाही. त्याला माहीत असतं म्हणून तो सकाळपासनं पाणीच पीत नाही. या उन्हात."

शेठ काही बोलला नाही. वकील म्हणाले, इमारत आणि सोयी वापरता येतील अशा करा, हेही त्याच कलम १६ मध्ये आहे.

"मग शाळेला अर्ज करा, आणि तो तिथनंच सुरू करा," चाचा म्हणाले. "आधी संडास, मग बॉल."

अर्जावर सही कुणाची, यावर पुन्हा जुंपली. मास्तर म्हणाले त्या मुलांच्या पालकांची. माझं म्हणणं, वर्गातल्या सगळ्याच पालकांची घ्यायची. शेठचा नातू त्याच शाळेत आहे, त्यामुळं पहिला कागद त्याच्याकडंच जाणार आहे.