"खाजगी जंगल तोडलं तरी परत फुटतं" म्हणे!

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि फार्महाऊसवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: सातबारा आपला, झाडं आपली, तोडली तर सरकारचं काय जातं, दहा वर्षांत रान परत येतं, नाहीतर दुप्पट रोपं लावा, विषय संपला.

सातबारा तुमचा, मान्य. पण 1964 चा महाराष्ट्राचा वृक्षतोड कायदा खाजगी जमिनीवरच्या झाडांनाही लागतो, यादीत ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, खैर सगळे आहेत. वर जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात 12 डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की जंगल कोणाच्या का मालकीचं असेना, ते जंगलच धरायचं.

"परत फुटतं" हे अर्धं खरं आहे, म्हणूनच लोकांना पटतं. ऐन-किंजळ बुंध्यातून फुटतात. पण कोकणात ठेकेदार जळणासाठी सगळं रान उतरवतो आणि काही वर्षांनी परत येतो, मग तिथे काठ्याच उरतात. धनेश पक्ष्याला लागते जुन्या बेहड्यासारख्या झाडाची ढोली, मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोच मावेल एवढी फट ठेवते, नर बाहेरून फळं आणून भरवतो, पिल्लं मोठी होईपर्यंत. मनगटाएवढ्या फुटव्यात कुठे मांडणार संसार?

दुप्पट रोपांचं तर बोलूच नका. टेकड्यांवर लावलेला ग्लिरिसिडिया, म्हणजे ते झटपट वाढणारं परदेशी झाड, बघून या, झाडं भरपूर, जंगल कुठंय?

आता "राखून मालकाला मिळतं काय", हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि इथे सरकारचं चुकतंच. तोडायचं तर पंचनामे, परवानग्या, राखणाऱ्याला विचारतं कोण? तरी आंबेगाव-जुन्नरकडे बघा, उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, काढतात, वाळून काळा झाला की विकतात, झाड पुढच्या वर्षीला तिथेच. पुण्याच्याच एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन) संस्थेने जंगलमालकांशी राखणीचे करार केलेत, हिरडा-बेहड्याला फेअरवाइल्ड प्रमाणपत्रही मिळवलंय, म्हणजे झाडाला धक्का न लावता काढलेल्या फळाला गिऱ्हाईक आहे. आणि 2020 च्या निसर्ग वादळात आंबेगाव-जुन्नर भागातला हिरडा गेला, तर भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. फॉरवर्डमध्ये याबद्दल एक ओळ नाही.